खिडकी क्रमांक तीन

आई विचारते, "याला पुढे स्कोप काय?"
मुलगी खिडकीच्या कडेचा सुटलेला रंग
नखानं काढत उभी.
कुताइसीत सप्टेंबर. नदीला पाणी कमी,
माझ्याकडे माहितीपत्रकं भरपूर.

एक पुढे सरकवते.
संवादशास्त्र आणि आंतरराष्ट्रीय संबंध, चार वर्षं.
मुखपृष्ठावर दोन हात एकमेकांत, मागे झेंडे.
त्यातला एक हात आमच्या वायरमनचा, मालखाजचा,
बाही मात्र डीनसाहेबांच्या कोटाची.
दुसरा माझा. अंगठी काढून ठेवली होती.
हे मी सांगत नाही.

"दूतावास," म्हणते, "वृत्तसंस्था, मदत संघटना,
कंपन्यांची जनसंपर्क खाती..."
अकरा वर्षं म्हणतेय.
आता जीभच म्हणते,
मी तिथं असायची गरज नसते.

मार्चमध्ये मंत्रालयाचा तक्ता येतो:
पदवीधर सध्या काय करतात?
मग मी फोन लावत बसते.
बाद्री खरोखरच मंत्रालयात लागला,
तिसऱ्या मजल्यावर
पाहुण्यांच्या आडनावांची स्पेलिंगं तपासतो.
एलिसो बातुमीच्या हॉटेलात, रात्रपाळीला,
चार भाषांत "क्षमस्व" म्हणते.
गोचाचा नंबर अस्तित्वात नाही.

आणि इया.
तिच्या आईनं फोन उचलला, आधी रडली,
मग इटलीचा नंबर दिला.
इया बारीत एका म्हातारीला सांभाळते,
न्हाऊ घालते, औषधं मोजते,
तिच्या मुलाशी बोलते,
कारण मायलेक चार वर्षं एकमेकांशी बोलत नाहीत.
घराच्या वाटणीवरून बिनसलेलं.

"बाई, तिसऱ्या सत्रातला तो तास आठवतो?
मोठा मुद्दा बाजूला ठेवा,
आधी लहानावर एकमत करा.
मी मिठापासून सुरुवात केली.
आईचं मीठ बंद करायचं, तो म्हणाला, हो.
मुलगा म्हणतो तर बंद, ती म्हणाली.
ईस्टरला तो जिन्यापर्यंत आला.
आत नाही आला.
पण जिन्यापर्यंत आला, बाई."

तक्त्यात शेवटचा रकाना:
काम शिक्षणाशी संबंधित? होय. नाही.
मी "होय"वर खूण केली.
वरून कागद परत आला, खुणेभोवती लाल गोल.
मी तो तसाच पुन्हा पाठवला.
त्यानंतर काय झालं, मला ठाऊक नाही.
वर्षभर कुणी काही बोललेलं नाही.

"म्हणजे पोटापाण्याचं होईल ना?" आई विचारते.
होईल म्हणू? दूतावास म्हणू? जिना म्हणू?
मी पत्रक उलटून फीचं पान दाखवते.

आई मुलीकडे वळते
आणि घरच्या मेग्रेलीत म्हणते,
"हिचा स्वेटर बघ, कोपरावर विरलाय.
इतकी वर्षं इथं बसून हिचंच काही झालं नाही,
तुझं काय होणार?"

माझी सासू झुगदीदीची.
एकोणीस वर्षं याच भाषेत मी टोमणे खाल्लेत,
शब्द न् शब्द कळतो.

मुलगी माझ्याकडे वळते. पापणी लवत नाही.
"आई म्हणते," शुद्ध जॉर्जियनमध्ये सांगते,
"तुम्ही फार नीट समजावलंत.
घरी बोलतो आणि कळवतो."

मी कोपर टेबलाखाली घेते.
मेग्रेलीतला एकही शब्द
तोंडातून बाहेर पडू देत नाही.
"आईंना माझे आभार सांग," म्हणते,
ती सांगते,
आई थोडी वरमून मान हलवते,
आणि क्षणभर त्या खिडकीपाशी
तिघींचंही बरं चाललेलं असतं.

नाव? "त्सिरा."
अर्ज देते. दोन फोटो, शाळेचा दाखला,
शुक्रवारच्या आत.
आणि चारच्या आधी ये,
चारला खिडकी बंद होते.